जिमी पेजचा जिना आणि आमच्या वाड्याचा

गेल्या अंकात मी सहज एक ओळ टाकली होती, की पावसाने गिटारचा क्लास बुडाला तर घरी बसून 'इट माइट गेट लाउड' बघून टाका. त्या एका ओळीची शिक्षा म्हणून सतरा पत्रं आली. ज्यांनी बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डेव्हिस गुगेनहाइमचा हा माहितीपट २००८ साली टोरांटोच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. लेड झेपलिनचा जिमी पेज (जन्म १९४४), यू टूचा एज (१९६१) आणि व्हाइट स्ट्राइप्सचा जॅक व्हाइट (१९७५) असे तीन गिटारवाले लॉस एंजेलिसमध्ये एका भल्यामोठ्या स्टेजवर एकत्र बसतात, गप्पा मारतात, एकमेकांना वाजवून दाखवतात. मधेमधे कॅमेरा प्रत्येकाच्या जुन्या जागी जाऊन येतो. पत्रं कापूनछाटून देते आहे. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय, तेव्हा कुणाचंच छापत नाही.

ताई, होस्टेलवर आम्ही चौघांनी मिळून पाहिला आणि रात्री दोनपर्यंत भांडलो. एजला गिटारिस्ट का म्हणायचं? तो स्वतःच कबूल करतो की! इफेक्ट (आवाज बदलणारी पेडलं) बंद केल्यावर उरतं काय, तर दोन-तीन सूर. सहा महिने शिकलेला पोरगाही ते वाजवेल. त्याच्या जागी कुणी तयारीचा, वेगात वाजवणारा घ्यायला नको होता का? (कोल्हापूर)

यू टूच्या 'एलिव्हेशन' गाण्याची रिफ (पुन्हापुन्हा येणारा सुरांचा तुकडा) तो आधी सगळ्या इफेक्टांसकट वाजवतो आणि मग तेच उघडंबोडकं वाजवून दाखवतो, तो प्रसंग तुम्ही पुरावा म्हणून धरलाय. मला त्यात कबुलीजबाब दिसत नाही. शिंप्याने कोट उलटा करून अस्तर दाखवावं, तसं ते आहे. 'बघ, शिवण इथे आहे.'

आता एक करा. भांडणारे चौघंही टाळी धरा. एका मात्रेचे चार भाग मोजा: एक, दोन, तीन, चार. गिटारवर फक्त 'एक' आणि 'तीन'वर आघात करायचा. डिले पेडल (वाजवलेला सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारं) मात्र पाऊण मात्रेवर, म्हणजे तीन भागांनंतर उत्तर देईल असं लावा. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, पाऊण मात्रा ३७५ ची. आता 'एक'चा प्रतिध्वनी येतो 'चार'वर, आणि 'तीन'चा येतो पुढच्या मात्रेतल्या 'दोन'वर. रिकाम्या ठेवलेल्या दोन्ही जागा आपोआप भरल्या. हात वाजवतोय दुगुन, कानाला ऐकू येतेय चौगुन. यू टूची किती गाणी या पाऊण मात्रेवर उभी आहेत ते तुम्हीच शोधा, रात्री दोनपर्यंत जागायला बरं कारण मिळेल.

आणि 'सहा महिने शिकलेला पोरगा वाजवेल' म्हणालात ना, तर माझ्याकडे एक मुलगा यायचा, बोटं अशी पळायची की बघणाऱ्याला घेरी यावी. त्याला ३७५ वर पेडल लावून दिलं आणि म्हटलं, दोनच सूर वाजव, मिनिटभर. सातव्या-आठव्या मात्रेलाच गाडी रुळावरून उतरली. कारण पेडल तुमची चूक विसरत नाही. तुम्ही केसभर पुढे सरकलात की मागून ती परत ऐकवतं, तेवढ्यात तुम्ही दुसरी केलेली असते. नंतर तेच गिटार मी क्लासमधल्या अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात दिलं. ती घरी तबला शिकते. तिने मिनिटभर सरळ वाजवलं आणि विचारलं, 'झालं? एवढंच?'

वेगवान वाजवणारे मलाही आवडतात. पण या तिघांची निवड म्हणजे गुणवत्ता यादी नव्हे. हेंड्रिक्स का नाही, अमका का नाही अशी सतरांपैकी सहा पत्रं आहेत. हेंड्रिक्स १९७० मध्येच गेला हो.

सुरुवातीला जॅक व्हाइट फळीवर खिळे ठोकून गिटार बनवतो, ते बघून मीही बनवलं. आवाज येतो, पण 'टप्प' असा. सूर म्हणावा असं काही नाही. काय चुकलं? (नाशिक)

तुमचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझं काय चुकलं होतं ते सांगते, बहुतेक तेच असेल.

मीही पहिल्यांदा बघितलं त्याच संध्याकाळी गॅलरीतली जुनी फळी काढली. दोन खिळे ठोकले, बाटली घेतली, आणि तार म्हणून समोरच्या बांधकामावरून बाइंडिंग वायर मागून आणली. ती सळ्या बांधायची तार भट्टीत तापवून मऊ केलेली असते, हाताने पिळता यावी म्हणून. ताणली की ती ताण धरत नाही, नुसती लांब होत जाते. मी पिळत राहिले, ती वाढत राहिली, आणि शेवटी तुटली ती थेट मनगटावर. वळ आठवडाभर होता. क्लासमध्ये 'मांजर' सांगितलं.

तेव्हा तार गिटारचीच घ्या, पोलादाची, सुटी मिळते. दुसरं, बाटली तारेखाली घट्ट बसली पाहिजे. ती तुमची घोडी आहे. ती डुगडुगली की तारेचा झंकार तिथेच मरतो. काचेची बाटलीच हवी, प्लास्टिकची दबते. तिसरं, पिकअप. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तार; वरची तार लोखंडी असेल तरच तिच्या थरथरण्याने खालच्या वेढ्यांत वीज उमटते. पितळेची किंवा तांब्याची तार लावलीत तर कितीही छेडा, अॅम्प्लिफायर ढिम्म.

त्या वाद्याला अमेरिकेत डिडली बो म्हणतात. मिसिसिपीकडची कृष्णवर्णीय मुलं घराच्या भिंतीवरच तार ठोकून ते वाजवायची, तार बहुधा झाडूची सोडवलेली. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. गोंधळ्याच्या हातातलं तुणतुणं बघा: एक तार, एक खुंटी, खाली पोकळ लाकडी नळा. जॅक व्हाइटने त्याला वीज जोडली, एवढाच फरक. वाजवून झाल्यावर तो विचारतो की गिटार विकत घ्यायलाच हवी असं कोण म्हणतं, आणि पलीकडे गाई चरत असतात. त्या गाईंची नजर मला फार आवडते.

त्याचं एक मात्र पटत नाही. तंत्रज्ञानाने भावना मरते असं काहीसं तो बोलतो, आणि ते ज्या माइकसमोर, ज्या कॅमेऱ्यासमोर बोलतो ते काय झाडाला लागतात? पण माणूस डेट्रॉइटमध्ये सोफे-खुर्च्यांना कापड चढवायचं काम शिकलेला आहे. हाताने काम केलेल्या माणसाला हट्ट शोभतो.

पेज ज्या जुन्या घरात जाऊन जिन्याबद्दल बोलतो, तो भाग नीट कळला नाही. ड्रमच्या आवाजाचा जिन्याशी काय संबंध? (ठाणे)

माझ्या मते अख्ख्या माहितीपटात हाच भाग सगळ्यात मोलाचा, आणि त्यात गिटार जवळजवळ नाहीच!

घराचं नाव हेडली ग्रेंज. इंग्लंडमध्ये हॅम्पशायरला आहे, १७९५ मध्ये गरिबांना ठेवायला बांधलेली इमारत. लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बमचं बरंच काम तिथे झालं, अल्बम आला १९७१ मध्ये. त्यातल्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गाण्यासाठी जॉन बॉनमचे ड्रम जिन्याच्या पायथ्याशी, प्रवेशदालनात मांडले आणि माइक ड्रमपाशी न ठेवता वर जिन्यातून खाली सोडले, दोनच. जवळचा माइक फक्त कातडं ऐकतो. लांबचा माइक खोली ऐकतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. सहा मीटर वर टांगलेल्या माइकला ठोका सतरा-अठरा मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि त्याच्या पाठोपाठ भिंतींवरून, छतावरून, पायऱ्यांवरून परतलेले त्याचे भाऊबंद. म्हणून तो ड्रम एवढा अजस्र वाटतो. माणूस जोरात वाजवतोय म्हणून नव्हे (तो जोरात वाजवतच होता, तो भाग वेगळा).

आम्ही हे करून पाहिलंय. सदाशिव पेठेतला आमचा वाडा, लाकडी जिना, कठडा हलणारा. वर्ष १९९२. ड्रम कुणाकडे होता? एका मित्राने पथकातला ढोल आणला, तो जिन्याच्या पायथ्याशी ठेवला आणि टेपरेकॉर्डरचा माइक धुणं वाळत घालायच्या दोरीने दुसऱ्या मजल्यावरून खाली सोडला. पहिला ठोका पडला आणि वरच्या काकू पोळपाट हातात घेऊन बाहेर. त्यांना गणपती एवढ्या लवकर कसे आले कळेना. आम्ही विनवण्या केल्यावर त्या म्हणाल्या, 'वाजवा, पण कुकर होईपर्यंतच.' कॅसेट अजून आहे. ढोल खरोखर हेडली ग्रेंजसारखा घुमतो, आणि दुसऱ्या मिनिटाला तिसरी शिट्टी स्पष्ट ऐकू येते.

आता तिथे सहा मजली इमारत आहे. जिना आहे, पण काँक्रीटचा, बंद, आणि कुणी टाळी वाजवली तर टाइल्समुळे भांडं आपटल्यासारखा आवाज येतो.

तिन्ही पुरुष. गिटार वाजवणाऱ्या बाया जगात नव्हत्याच का? तुम्ही स्वतः बाई असून हा माहितीपट सुचवलात. (पुणे)

कान धरते. आणि वरचंच गाणं पुढे करते. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' मुळात लेड झेपलिनचं नाहीच. ते मेम्फिस मिनी ही गिटारवाली बाई आणि कॅन्सस जो मॅकॉय यांनी १९२९ मध्ये ध्वनिमुद्रित केलं, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावर. लेव्ही म्हणजे नदीचा बांध. झेपलिनच्या अल्बमवर गीतकारांत मिनीचं नाव आहे, पण आज त्या गाण्याचं नाव काढलं की लोकांना जिना आठवतो, बाई आठवत नाही. मलाही वर आधी जिनाच आठवला, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मिनीचं मूळ गाणं ऐका. दोन गिटार, एक आवाज, ड्रम नाहीतच. त्यानंतर सिस्टर रोझेटा थार्प ऐका, तीही गिटारवालीच.

जिमी पेज मुंबईत येऊन गेला होता असं वडील सांगतात. थाप का? (डोंबिवली)

वडिलांची माफी मागा. १९७२ मध्ये पेज आणि लेड झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लँट मुंबईत होते, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. ती तशीच पडून राहिली. २०१५ मध्ये 'कोडा' हा अल्बम नव्याने निघाला तेव्हा त्यात ती आली. 'फ्रेंड्स' ऐकाच. एजचं म्हणाल तर यू टू इथे यायला डिसेंबर २०१९ उजाडला, नवी मुंबईत. तिकिटाचे भाव बघून मी घरीच बसले.

मुलाने हा चित्रपट बघितल्यापासून पेडलचा हट्ट धरलाय. यादी तीस हजारांवर गेली. गिटार शिकायला लागून चारच महिने झालेत. (सोलापूर)

एकही घेऊ नका. कोल्हापूरकरांना दिलेलं टाळीचं उत्तर त्याला वाचायला द्या. फुकटातलं मेट्रोनोम अॅप लावून दोन सूर मिनिटभर न घसरता वाजले, की एक साधा डिले घ्या. बाकीच्या पैशांत तारांचे संच. चार महिन्यांच्या पोराच्या गिटारवर तारा गंजलेल्याच असणार, बोट फिरवून बघा, काळं लागेल.

माझं वय ७३. मला गिटारमधलं काही कळत नाही, नातवाबरोबर बसून बघितला. तो पांढऱ्या केसांचा गृहस्थ एक रेकॉर्ड लावतो आणि हातात काही नसताना हवेत बोटं नाचवत हसतो. नातू म्हणाला, आजोबा, हा बेस्ट सीन आहे. मला कळलं नाही काय ते. (सातारा)

काका, नातवाचं बरोबर आहे.

ती रेकॉर्ड लिंक रे या अमेरिकन गिटारवाल्याची, 'रम्बल', १९५८ ची. शब्द नाहीत, नुसती गिटार, तरी काही रेडिओ केंद्रांनी ती लावायला बंदी घातली होती, इतकी ती गुंड वाटायची. आवाज फाटका यावा म्हणून त्याने अॅम्पच्या स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने भोकं पाडली होती. जिमी पेज तेव्हा चौदा वर्षांचा. पुढे त्याने जे काही केलं ते सगळं जग ऐकून आहे, पण त्या प्रसंगात तो स्वतःच्या घरात, आपल्याच रेकॉर्डींसमोर उभा राहून दुसऱ्याचं ऐकतोय. सूर जिथे थरथरतो तिथे त्याचं बोट हवेत थरथरतं, आधी, म्हणजे सूर यायच्या किंचित आधी. पन्नास वर्षं ऐकल्यावर ते होतं.

तुमच्याकडे भीमसेनजींच्या जुन्या रेकॉर्डी असतील असं पत्रातल्या अक्षरावरून वाटतंय. एखादी लावा आणि ओळखीची तान जवळ आली की नातवाला तुमच्या उजव्या हाताकडे बघायला सांगा.