वस्तीत घरोघरी फिरून आरोग्याची माहिती गोळा केली, तर कागद भरण्यापलीकडे काही होतं का?

होतं. मात्र फॉर्मात ‘कोण आजारी आहे’ एवढंच विचारू नका. तपासणीला कोण आलं नाही आणि का, हेही विचारा.

माझं घर बडोद्यात, दांडिया बाजारात. शहराच्या कडेच्या एका वस्तीत मी ‘आशा’ आरोग्य कार्यकर्त्यांबरोबर काही वर्षं फिरले. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गुजरातमधल्या 15 ते 49 वयाच्या 65 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. आकडा काळजात धस्स करणारा, पण हे सर्वेक्षण जिल्ह्याखाली उतरत नाही. बडोद्यात वॉर्ड 19, आणि एकाच वॉर्डात बंगल्यांची सोसायटीही असते, नाल्याकाठच्या झोपड्याही. दोन्हींची सरासरी काढली की झोपड्या दिसेनाशा होतात.

आम्ही वहीत मोजकंच लिहिलं: गल्ली, वय, रक्त शेवटचं कधी तपासलं, दिवसा घरी कोण असतं. तपासणी न झालेल्या बहुतेक बायका दोनच गल्ल्यांतल्या निघाल्या. त्या सकाळी सातला धुणीभांडी करायला बाहेर पडत, आणि आमचं शिबिर दुपारी बाराला आटोपायचं. त्यांना आम्ही ‘बेफिकीर’ म्हणत होतो, याची मला अजून लाज वाटते. पुढचं शिबिर संध्याकाळी सहाला, गल्लीतच ठेवलं. त्या आल्या, सुनांना घेऊन आल्या.

मोठं उदाहरण हवं असेल तर गडचिरोलीचं बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावागावातले जन्म आणि मृत्यू मोजले, मग गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. हजार जन्मांमागे सुमारे 62 नवजात दगावत होते, ते तिसऱ्या वर्षी 26 च्या आसपास आले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापलं.

तुम्ही सुरुवात अंगणवाडीतल्या वजनाच्या नोंदींपासून करा. कुलूप दिसलेलं घर यादीतून गाळू नका, रविवारी पुन्हा जा. सगळ्यात कमी सेवा बहुधा तिथेच पोचलेली असते. क्षयरोगासारख्या आजाराची नोंद घर ओळखू येईल अशी व्हॉट्सॲपवर कधीही टाकू नका. आणि नगरसेवकाकडे जाण्याआधी वही वस्तीतल्या बायकांसमोर वाचून दाखवा. आमच्या दोन चुका त्यांनीच पकडल्या होत्या.