शेवटच्या बाकाने गायला हवं

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र आणि गाण्याचं रेकॉर्डिंग, दोन्ही मिळालं. ऐरोलीची नोकरी सोडून पूर्णवेळ वर्शिपच्या, म्हणजे चर्चच्या उपासनेत गाणी चालवायच्या, सेवेत उतरायचं तुझ्या मनात आहे आणि घरी अजून कुणाला सांगितलेलं नाहीस. गाणं मला आवडलं. दुसऱ्या कडव्याची चाल दिवसभर गुणगुणत होते. तरी आधी त्यातली खोट सांगते, मग नोकरीचं बोलू. माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे.

कोरसला तू थेट वरच्या 'जी' सुरावर जातोस. स्टुडिओत ते तुला शोभतं. पण रविवारी सकाळी साडेआठला, लोकल पकडून धावतपळत आलेल्या मंडळीला तो सूर लागत नाही. पुरुष एक सप्तक खाली उतरतात किंवा नुसते ओठ हलवतात. बायकांना वर जावं की खाली, हे कळत नाही. दोन ओळींत सगळे गप्प होतात आणि तुझं गाणं ऐकत उभे राहतात. त्यांना आवडत असेल, पण ती उपासना राहत नाही, कार्यक्रम होतो. साध्या माणसाचा आवाज खालच्या ए पासून वरच्या डी पर्यंत बरा चालतो, फार तर ई पर्यंत. पट्टी तेवढी खाली आण. त्यात कडवं फार खाली गेलं, तर चाल बदल. तुझा आवाज आत्ताइतका चमकणार नाही, पण शेवटच्या बाकावरची आजी गाईल. वर्शिप लीडरचं काम नीट झालं की नाही, हे मी तिच्याकडे बघून ठरवते.

म्हणून डोळे मिटून गायची सवय थोडी कमी कर. अधूनमधून उघड आणि शेवटपर्यंत नजर टाक. लोक गात नसतील तर ड्रम थांबव, मागे घुमणारा कीबोर्डचा पॅड थांबव, नुसत्या गिटारवर एक कडवं घे. क्लिक ट्रॅकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरीव लयीच्या टिकटिकीवर, सगळं आधीच बांधून ठेवलं असेल तर हे करताच येत नाही. आपल्या मंडळीत ढोलकीवाला असताना तर क्लिक नकोच. तो मंडळीच्या श्वासाबरोबर लय मागेपुढे घेतो आणि ते त्यालाच जमतं. इंग्लंडमध्ये वॉटफर्डला मॅट रेडमन ज्या मंडळीत गात होते, तिथल्या पाळकांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस बँड आणि साउंड सिस्टिम काही काळ चक्क बाजूला ठेवली. माणसं स्वतः काय घेऊन उपासनेला येतात, हे त्यांना पाहायचं होतं. एवढ्या मोठ्या नावाच्या गायकाला ते चाललं. तुलाही चालायला हवं.

आता शब्दांकडे. इंग्रजी गाण्याच्या चालीवर मराठी बसवतोस तेव्हा सगळ्यात लांब ओढलेला सूर 'आहेस'वर जाऊन पडतो. तिथे ओढण्यासारखं काहीच नसतं. आपल्याकडे अभंगाचा साचा तयार आहे, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि तुकारामांचाच साचा घेऊन ख्रिस्ताची गीतं लिहिली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक उघडून त्यांची दहा गीतं अक्षरं मोजत वाच. पाठ असलेली माणसं ती पुस्तक न उघडता का गातात, ते तुझ्या लक्षात येईल.

आणखी एक गोष्ट, आपल्या ठाण्यातली. इथल्या सेंट जेम्स चर्चचं समर्पण बिशप हेबर यांनी १८२५ साली केलं. 'पवित्र, पवित्र, पवित्र' हे गीत जगभर गातात, त्याचे कवी तेच. इंग्लंडमध्ये हॉडनेट गावी पाळक असताना त्यांनी चर्चच्या वर्षातल्या एकेका रविवारसाठी गीतं लिहायला घेतली. त्यांचा संग्रह निघाला १८२७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. नाव व्हावं म्हणून नव्हे, रविवारी मंडळीला काही गायला हवं म्हणून लिहिलं. तूही असंच लिही. झावळ्यांच्या रविवारी (पाम संडेला) मुलांना गाता येईल असं काही दे. आणि कृपा करून प्रेतविधीसाठी एखादं गीत कर. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत निदान एक तृतीयांश स्तोत्रं आक्रोशाची, विलापाची आहेत आणि आपल्या नव्या गाण्यांत सगळे सदा आनंदातच. कबरीजवळ उभ्या राहिलेल्या बाईला त्यातलं काय गाता येणार?

नोकरी आत्ता सोडू नकोस. तुझा विश्वास कमी आहे असं मला मुळीच वाटत नाही. बायबलमध्ये नहेम्याच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात लेवी, म्हणजे मंदिरातले सेवक, आणि गायक मंदिर सोडून आपापल्या शेतांवर पळून जातात, कारण त्यांचा वाटा त्यांना कुणी दिलेला नसतो. नहेम्या त्यांना दोष देत नाही, अधिकाऱ्यांना जाब विचारतो. आपल्या भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या मंडळ्यांना हॉलचं भाडं आणि पाळकांचा पगार भागवताना नाकी नऊ येतात. तिथे संगीतकाराचा वाटा कुठून निघणार? आणि पोट मंडळीवर अवलंबून राहिलं की मंडळीला न आवडणारं खरं गीत लिहायला हात कचरतो. पाळकसाहेब स्वतः पगार ठरवून कागदावर देतील, त्या दिवशी पुन्हा बोलू. तोवर नोकरी, आणि जमलं तर शनिवारी गिटारचे क्लास.

हक्कांचंही बघून ठेव. टिळक १९१९ साली गेले. आपल्या कायद्यात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी गीत सर्वांसाठी खुलं होतं, तेव्हा त्यांच्या शब्दांना तू खुशाल नवी चाल दे. हयात माणसाचं गाणं उपासनेत गायला कायद्याची आडकाठी नाही, पण तेच रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचं तर परवानगी लागते. लेखी घे. तुझ्या गाण्याच्या बाबतीतही अरेंजमेंट करणाऱ्याशी, म्हणजे वाद्यांची बांधणी करणाऱ्याशी, आधी कागद कर. मंडळीतला भाऊ आहे म्हणून तर नक्कीच कर.

येत्या शनिवारी संध्याकाळी सरावाला ये. गाण्याचा सगळ्यात वरचा सूर 'डी'पर्यंत उतरवून आण, गिटार एवढीच घेऊन ये. बाहेरच्या खोलीत आमच्या गायनमंडळातल्या चार-पाच बायका बसलेल्या असतील, त्यांना एकदाच ऐकव आणि दुसऱ्यांदा त्या गातात का बघ. आईला मात्र नोकरीचं त्याआधी सांग. तिला बाहेरून कळता कामा नये.

तुझी,
मावशी