सुट्या पानाचा माग काढताना

मध्ययुगीन हस्तलिखितातून सुटलेलं एखादं पान हाती आलं, तर त्याचा लॅटिन मजकूर नंतर वाचा. आधी पान उलटून समास बघा. कोपऱ्यातला पेन्सिलीचा आकडा, लिलावाची चिठ्ठी, डिंकाचे डाग, शिवणीची भोकं हे सगळं मालकीचं दप्तरच समजा. घडी ओळींना छेदून जात असेल आणि एका बाजूची शाई उडाली असेल, तर ते पान बहुधा नंतरच्या एखाद्या पुस्तकाच्या बांधणीत गेलेलं असतं. खोडलेलं नाव अतिनील दिव्याखाली पुष्कळदा दिसतं. रसायन मात्र चुकूनही लावू नका. जुन्या अभ्यासकांनी त्यापायी पानं काळी करून ठेवलीत.

मग ओळी मोजा, मजकुराच्या चौकटीची मापं मिलिमीटरमध्ये घ्या. भावंडं, म्हणजे त्याच ग्रंथातली इतर पानं, त्यावरूनच सापडतात. अमेरिकेत ऑटो एगे (१८८८–१९५१) यांनी हस्तलिखितं फोडून सुटी पानं विकली, त्यामुळे एकाच ग्रंथाची पानं कितीतरी ग्रंथालयांत विखुरलीत. जुन्या विक्रीनोंदींसाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा शोनबर्ग डेटाबेस चाळा, हस्तलिखितांच्या तुकड्यांच्या छायाचित्रांसाठी फ्रॅग्मेंटेरियम हे संकेतस्थळ. विक्रेत्याच्या ‘फ्रान्स, १५वं शतक’वर लगेच विसंबू नका.

प्रार्थनापुस्तकातल्या दिनदर्शिकेचं पान मिळालं असेल तर नशीबवान आहात: स्थानिक संतांची नावं प्रदेश सांगतात. अर्थात पुस्तक कुठे वापरायचं होतं तेवढंच. आजच्या बेल्जियममधल्या ब्रुजमध्ये इंग्लंडच्या गिऱ्हाइकांसाठीही अशी पुस्तकं तयार होत.