पाठ टेकायला शीक

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

सरायासारखं व्यावसायिक कुस्तीत उतरायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून आनंद झाला. पण तिचे विजेतेपदाचे पट्टे मोजण्याआधी तिची वर्षं मोज. इंग्लंडमधल्या नॉरिचची ही मुलगी. आईवडील, भाऊ सगळे रिंगमधले, कुस्ती संस्थाही घरचीच. २००५ मध्ये, तेराव्या वर्षी, ब्रिटनी नाइट या नावानं ती उतरली. २०११ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीचा करार झाला, रिंगमध्ये तिचं नाव पेज झालं. ७ एप्रिल २०१४ ला कंपनीच्या ‘रॉ’ या टीव्ही कार्यक्रमातल्या पहिल्याच लढतीत तेव्हाची विजेती एजे ली हिला हरवून तिनं पट्टा घेतला, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. आणि एप्रिल २०१८ मध्ये, पंचविशीतच, मानेच्या दुखापतीपायी निवृत्ती.

या कुस्तीत निकाल आधी ठरलेला असला तरी पडणं खरं असतं. आपल्या तालमीत पाठ टेकू द्यायची नाही हे शिकवतात. इथे पहिला धडाच पाठ टेकण्याचा. त्याला बंप म्हणतात. आणि खाली लाल माती नसते. लोखंडी चौकट, तिच्यावर फळ्या, पातळ फोम आणि ताणलेलं कॅनव्हास, एवढंच.

सुरुवात जाड गादीवर, उकिडवं बसून कर. हनुवटी छातीला चिकटव. मागे जाताना पाठीचा वरचा, रुंद भाग टेकव, कंबर नाही. हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर, तळवे खाली, पाठीबरोबरच आपट. त्या क्षणी श्वास सोड, रोखलास तर दम कोंडेल. नवशिके घाबरून हात मागे टेकवतात, मग मनगट नाहीतर कोपर जातं. हनुवटी सुटली तर डोकं आदळतं, आणि दमल्यावर ती हमखास सुटते. म्हणून बंपचा सराव अंगात ताकद असतानाच कर.

रिंगभोवतीच्या दोरांवर धावताना वळून पाठ टेकवशील, तेव्हा वरचा दोर हातानं धर. दोर सैल निघाला तरी बाहेर फेकली जाणार नाहीस. बऱ्याच रिंगांत दोराऐवजी रबरी नळीतली तार असते. सुरुवातीला काखेखाली आणि पाठीवर काळेनिळे वळ उठतात, त्याला घाबरू नकोस.

मानेला मात्र घाबर. सरायाच्या मानेची शस्त्रक्रिया ऑक्टोबर २०१६ ला झाली, ती नोव्हेंबर २०१७ ला परतली. २७ डिसेंबरला पाठीत एक नेहमीचीच लाथ बसली, ती कोसळली आणि पंचांनी लढत थांबवली. एकदा बिघडलेल्या मानेला साधा फटकाही पुरतो. ती २०२२ मध्ये एईडब्ल्यू या दुसऱ्या अमेरिकन कंपनीत पुन्हा लढली, ऑगस्ट २०२३ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर विजेतीही झाली. पण मधे चार वर्षांहून जास्त विश्रांती होती आणि डॉक्टरांची परवानगी होती. हे विसरून तिचा दाखला देऊ नकोस.

रोज कपाळावर तळवा ठेवून मान न हलवता दहा सेकंद रेट. तसंच मागून आणि दोन्ही बाजूंनी. हाताला मुंग्या आल्या किंवा पकड सुटू लागली, तर त्याच क्षणी थांब आणि डॉक्टरांना दाखव. डोक्याला मार बसल्याचा संशय आला तर त्या दिवशी रिंग बंद. ब्रिटनमधल्या हौशी खेळांच्या नियमावलीप्रमाणे एकविसाव्या दिवसाआधी स्पर्धेत परतायचं नसतं.

करारात रिंगमधलं नाव कुणाच्या मालकीचं राहील, हे सहीआधी वाच. डब्ल्यूडब्ल्यूई सोडल्यावर ‘पेज’ हे नाव सरायाबरोबर गेलं नाही.

शाळा निवडताना पैसे भरण्याआधी एक वर्ग बसून बघ. नवख्यांना थेट रिंगमध्ये आपटत असतील, किंवा प्रथमोपचार येणारं कुणी हजर नसेल, तर दुसरी शाळा शोध.