"आयटीआयला नापास पोरंच जातात ना मॅडम?"

दर जूनमध्ये हा प्रश्न येतोच. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) चेंबूरची एक आई मुलीला घेऊन आली, दहावीला 71 टक्के, सायन्सला सहज ॲडमिशन मिळेल पण मुलीला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचंय आणि आई अगदी रडकुंडीला आलेली. "मॅडम, तिथे नापास पोरं जातात, मुली तर नसतातच, चाळीत काय सांगू मी?"

मी आधी काहीच समजावलं नाही, नुसतं विचारलं, ताई तुम्ही कधी आत जाऊन बघितलंय का? नव्हतं बघितलं. मग म्हटलं आधी जाऊन या, गेटवर उभं राहून बघा कोण आत जातंय.

गेल्या दोघी. आल्यावर आईच सांगत होती की बारावी झालेली मुलं पण आहेत, एक जण तर ग्रॅज्युएट. ते खरंच आहे, कारण आयटीआयला वयाची वरची अट नाही आणि इलेक्ट्रिशियनला दहावी पास लागतंच, मेरिट लिस्टने नंबर लागतो, त्यामुळे नापास पोरांचं म्हणणं तिथेच संपलं.

पण मुली कमी, हे आईचं बरोबर होतं. मी ते लपवलं नाही. सरकारी आयटीआयत 30 टक्के जागा मुलींसाठी असतात, म्हणजे 20 च्या तुकडीत 6. पण आपणच मुलींना पाठवत नाही आणि मग मुली नसतात म्हणून घाबरतो, याचं मला खूप वाईट वाटतं. म्हणून आईला म्हटलं, टक्केवारी सोडा, तिथे हे विचारा: मुलींचं टॉयलेट वर्कशॉपजवळ आहे का, बाई इन्स्ट्रक्टर आहेत का, शिफ्ट किती वाजता सुटते.

पुढचं काय, तर दोन वर्षांनी डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, नाहीतर रेल्वे, महावितरणला अप्रेंटिसशिप, स्टायपेंडसकट. मुलीला हे सगळं माहीत होतं, घरात कुणी विचारलंच नव्हतं तिला.

फॉर्म भरलाय. आई आता ठाम आहे, पप्पा अजून नाही म्हणतायत, त्यांना शनिवारी बोलावलंय.