आढीत काळा पडणारा हापूस आणि सॅलिसिलिक आम्ल

झाडावर स्वच्छ दिसणारा हापूस आढीत पिकताना काळा पडतो, तर काढणीनंतर फळे सॅलिसिलिक आम्लाच्या द्रावणात बुडवून कूज थांबवता येईल का, असे आपण विचारले आहे. खानापूर तालुक्यातील माझ्या बागेतही हाच त्रास असल्याने मला वाटते ते सांगतो: उपाय योग्य आहे, पण आपण निवडलेली वेळ उशिराची आहे.

हे डाग करप्याचे. त्याची कोलेटोट्रायकम ही बुरशी फळ लहान असतानाच पावसाच्या किंवा दवाच्या ओलाव्यात सालीत शिरते आणि निपचित पडून राहते, कारण कच्च्या सालीत तिला आवरणारी रेसॉर्सिनॉल वर्गातील द्रव्ये असतात. फळ पिकू लागले की ती घटतात आणि दबलेली बुरशी उचल खाते. वळिवाने झोडपलेल्या वर्षी आमची आढी अधिक काळी पडते, ती यामुळेच.

सॅलिसिलिक आम्लाचे मुख्य काम बुरशीला थेट मारणे हे नव्हे. ते झाडाला सावध करते, आणि मग झाड स्वतःच कायटिनेज व ग्लुकानेज ही बुरशीची पेशीभित्तिका फोडणारी विकरे तयार करते. या तयारीला काही दिवस लागतात. काढलेले फळ बुडवल्यानेही थोडा लाभ होतो, परंतु पिकत चाललेल्या फळाची प्रतिकाराची ताकद ओसरत असते, म्हणून मी फळ झाडावर असतानाच, काढणीच्या काही आठवडे आधीपासून फवारणी करतो.

हे आम्ल पाण्यात फार कमी विरघळते. आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळावे. लिटरला सुमारे १४० मिलिग्रॅम म्हणजे एक मिलिमोलर द्रावण होते, आणि मी तेवढ्यावरच थांबतो, कारण प्रमाण वाढल्यास पानांच्या कडा जळतात. कुणी 'टॉनिक' म्हणून बाटली दिली, तर आतील घटक वाचल्याशिवाय ती घेऊ नये. पहिल्या वर्षी दोनच झाडांवर फवारावे आणि त्यांची आढी वेगळी घालावी.

मोहोराच्या वेळची बुरशीनाशकाची फवारणी मात्र यामुळे सोडता येत नाही. काढणीनंतर फळे ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवण्याचा उपायही मी सोडलेला नाही, कारण सालीत दडलेल्या बुरशीवर तो थेट चालतो. आढी उघडताना देठापासून पसरणारा काळेपणा वेगळा मोजावा. ती बहुधा देठकूज असते, आणि तिच्यासाठी फळ थोडा देठ ठेवून काढणे अधिक उपयोगी पडते.