हिमोग्लोबिन १३ आहे, तरी मॅरेथॉनच्या सरावात पाय जड होतात. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) तपासावं का?

हो, तपासाच, नुसत्या सीबीसीवर (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजणाऱ्या नेहमीच्या तपासणीवर) विसंबू नका. लोहाचा साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. फेरिटिन ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर साठा संपत आलाय असं धरा, मग लॅबच्या छापील रेंजमध्ये तो आकडा ‘नॉर्मल’ का दिसेना. रविवारी मरीन ड्राइव्हवर ३० किलोमीटर मारून सोमवारी रक्त देऊ नका: जोरदार धावल्यावर किंवा तापात फेरिटिन फुगतं आणि कमतरता झाकली जाते. दोन दिवस आराम करून सकाळी द्या, सोबत सीआरपी (शरीरात दाह आहे का ते दाखवणारी रक्तचाचणी) करा. मात्र फेरिटिन चांगलं आणि एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) कमी आलं, तर लोहाच्या गोळ्या परस्पर सुरू करू नका. डॉक्टरांना विचारून थॅलेसेमिया मायनरची (हिमोग्लोबिन बनण्यातल्या सौम्य आनुवंशिक दोषाची) तपासणी करून घ्या.